सलाफहादाच्या मुली आणि आमची भावकी

मी जन्मानं ऊसवाल्या हिंदू घरातली, आणि देवाच्या भानगडीत कुणाच्याच बाजूची नाही. तरीही बायबलच्या जुन्या करारातल्या पाच बहिणींची नावं मला कधीही विचारा, मी एका दमात सांगते: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. आमच्या स्वतःच्या घराण्यातल्या पाच बायका मला अशा सांगता येत नाहीत. आजीपर्यंत जमतं. पणजीचं नाव भावकीत कुणालाच ठाऊक नाही; पणजोबांच्या बैलाचं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या पाचजणी माझ्या वाट्याला आल्या त्या मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात. अकराव्या वर्षी वडिलांनी, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, मला तिथं नेऊन ठेवलं. त्यात धर्माचा काही संबंध नव्हता. वसतिगृहाला भिंत होती, दोन वेळचं जेवण होतं आणि पुढची शाळा आमच्या शेळगावच्या वस्तीपासून फार लांब होती. माझी थोरली बहीण, अक्का, तोवर लासुर्ण्याला नांदायला गेलेली. चौथी पास आणि पंधराव्या वर्षी लग्न. आम्ही दोघीच, भाऊ नाही. ‘वंशाला दिवा नाही’ हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं, की वस्तीवर वीज आली तेव्हा मला वाटलं, चला, मिटला प्रश्न.

वसतिगृहाच्या बाई तरुणपणी खेडोपाडी पायी हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवत. असं काम करणाऱ्या बाईला ‘बायबल बाई’ म्हणत. ज्या पाद्रीसाहेबांच्या हाताखाली त्या उन्हातान्हात राबल्या, त्यांच्या तसबिरी चर्चच्या भिंतीवर ओळीनं होत्या. बाईंची नव्हती. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. पण गोष्टी सांगताना त्यांचा एक शिरस्ता होता. दावीद, शलमोन, एस्तेर ही मंडळी रविवारच्या उपदेशात भेटतातच, म्हणायच्या, आपण राहिलेल्यांचं बघू. राहिलेल्यांत वश्ती राणी होती. मेजवानीत नवऱ्यानं तिचं रूप पाहुण्यांना दाखवायला बोलावणं धाडलं, ती ‘येत नाही’ म्हणाली आणि राणीपदाला मुकली. रिस्पा होती, मारून टाकलेल्या पोरांच्या प्रेतांवर पाखरं बसू नयेत म्हणून ती खडकावर तरट टाकून राजाला लाज वाटेपर्यंत बसून राहिली. फारो राजाला तोंडावर थापा मारणाऱ्या दोन सुइणी होत्या. आणि बलामाची गाढवी होती, जिला मालकापेक्षा जास्त समजत होतं. आम्हा मुलींत सगळ्यात लाडकी गाढवीच.

त्या पुस्तकाची मराठी मला कधी परकी वाटली नाही. ज्यांनी कुणी ते मराठीत आणलं, त्यांनी निम्मे शब्द आमच्या चावडीवरून उचललेले दिसतात. तिथं जकातदार आहे, कारभारी आहे, आणि देवानं लोकांना दिलेल्या जमिनीला शब्द आहे ‘वतन’. पाटलाला असतं तसं.

नाताळाच्या आधी पाठांतराची स्पर्धा असे. बाई पितळी वाडग्यात बायबलमधल्या पुस्तकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि जिला जे निघेल ते तिनं उभं राहून सांगायचं. मला निघालं ‘गणना’. नावावरूनच कळतं की त्यात गोष्टी कमी आणि मोजदाद जास्त. मी रडकुंडीला आले. बाईंनी पान उलटून बोट ठेवलं. सलाफहाद नावाचा माणूस, देवानं कबूल केलेल्या जमिनीकडं निघालेल्या लोकांबरोबर रानात भटकत असतानाच वारला. त्याला पाच मुली, मुलगा नाही. जमिनीची वाटणी व्हायची वेळ आली तेव्हा या पाचजणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, दाराशी येऊन उभ्या राहिल्या. समोर त्या लोकांचा पुढारी मोशे, याजक म्हणजे पुजारी, सगळे सरदार, सगळा समाज. त्या म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता एवढ्याखातर त्याचं नाव कुळातून का जावं? आम्हाला आमच्या चुलत्यांबरोबर वतन द्या.

मोशेला उत्तर येत नव्हतं. त्यानं तसं कबूल केलं आणि देवाला विचारायला गेला. व्यासपीठावरच्या माणसाला उत्तर येत नाही आणि तो तसं कबूल करतो, हा प्रसंग आमच्या भागात मी अजून पाहिलेला नाही. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात.

मी हे सगळं घडाघडा सांगितलं. प्रमुख पाहुणे गळ्यातल्या हारांतून मान वर काढत म्हणाले, “छान. यातून बोध काय घेशील?”

मी म्हटलं, “मागायला जायचं. सगळ्यांसमोर जायचं.”

ते म्हणाले, नाही, बोध हा की मोशे नम्र होता. मला तिसरं बक्षीस मिळालं. साबणाची डबी.

पुढं शिकले, ग्रंथालयात नोकरी केली, बारामतीला जळोचीत सासर मिळालं. आयुष्यभर पुस्तकांवरची धूळ झटकणाऱ्या माणसाला सगळ्या धर्मांतलं थोडं थोडं समजतं आणि भक्ती कशावरच बसत नाही, तसं झालं. नोकरी संपली, आणि दोन वर्षांपूर्वी तात्या गेले.

आई आधीच गेलेली. मी म्हटलं, अग्नी मी देते. कुणी नाही म्हणालं नाही. नुसते सगळे दुसरीकडे बघायला लागले, आणि तेवढ्यात चुलतभावानं मडकं खांद्यावर घेतलंसुद्धा. तो रडला, आणि खोटं रडला नाही. तात्यांच्या शेवटच्या दुखण्यात गाडी काढून धावला तोच. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे तेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. तात्यांचा फोटो मध्ये आणि त्यांच्यापेक्षा मोठा फोटो वर, एका पुढाऱ्याचा, ज्यांची आणि तात्यांची कधी गाठ पडली नव्हती. खाली ‘शोकाकुल’ म्हणून पुतणे, नातपुतणे, त्यांची पोरं. चुलतभावाचा आठ महिन्यांचा नातूही शोकाकुल होता. अक्का आणि मी नव्हतो.

“आरं, लेकी ऱ्हायल्या की,” मी चुलतभावाला म्हटलं.

“लेकींची न्हाय टाकत ताई,” तो अगदी समजुतीनं म्हणाला. “तुमी तिकडच्या. तुमच्या तिकडं कुणी गेलं की तितं येतंया तुमचं नाव.”

तेराव्याची जेवणं उरकली, पाहुणे पांगले. चुलतभावाचे वडील, आमचे धाकटे चुलते आबा, सुपारी कातरत म्हणाले, “पोरींनो, एक सह्यांचं काम हाय. इंदापूरला जाऊन यायचं. गाडी आपलीच हाय.”

“कसल्या सह्या, आबा?”

“हक्कसोडीच्या. तात्याचा आन माजा सात-बारा सामाईक हाय. त्येच्या जागी आता तुमच्या दोघींची नावं लागत्याल. मंग तुमी लिवून द्यायचं की आमाला काय नगं. झालं. पुन्हा समदं एका घरात.”

तात्यांची तीन एकर, आबांची तीन एकर, मध्ये बांध, विहीर दोघांत. वाटणी तोंडी झालेली, कागदावर सगळं एकत्र. हक्कसोड म्हणजे काय ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क रजिस्टर कचेरीत लिहून सोडायचा, बदल्यात साडी-चोळी घ्यायची, आणि दिवाळी-पंचमीला माहेरी यायची वाट चालू ठेवायची. लोक म्हणतात, ही आपली जुनी रीत. जुनी बिलकूल नाही. लेकीला हक्कच नव्हता तोवर सोडायचं काय होतं? कायदा पुढनं आला आणि ही रीत त्याच्या मागनं, चोरपावलांनी.

मी म्हटलं, विचार करून सांगते. अक्का म्हणाली, “करू की आबा. त्यात काय.”

चार दिवस ती माझ्याकडं जळोचीला राहायला आली. मी भाजी निवडत होते आणि ती लसूण सोलत होती. मी तिला सलाफहादाच्या मुली सांगितल्या. ग्रंथालयात इतकी वर्षं काढून मी शिकले ते हे, की कुठल्याही धर्मग्रंथात बायकांच्या बाजूची पानं थोडीच असतात. तेव्हा जी आहेत ती सगळ्यांची सामाईक समजावी. अक्कानं लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती मिळालं?”

“काय?”

“रान. दर हिश्श्याला किती?”

“ते लिहिलेलं नाही.”

“पाणी हुतं का त्याला?”

“तेही नाही लिहिलेलं.”

“मंग काय लिवलंय त्यात?” तिनं पाकळी वाटीत टाकली. “बरं, आन मिळाल्यावर? चुलत्याच्या दारात गेल्या तर कुणी या-बसा म्हनलं का त्येंना? च्या ईचारला?”

गणनेत यातलं काहीच नाही. अक्का म्हणाली, “बघ. लिवणारा बाप्या आसंल.” मग वाटी बाजूला सारून म्हणाली, “तू तुजं बघ. मी माजं सोडून देती. माजं काय, धा-पाच वरसं ऱ्हायली. पर दिवाळीला मला जायाला दार पायजेल. सासरी पन्नास वरसं काढली, पर निजल्यावर सपान शेळगावचंच पडतंया.”

हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात खोडता येत नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की अक्काचा हिस्सा आबांकडं गेला की विहिरीवर आणि रस्त्यावर त्यांचंच राज्य. मग माझा दीड एकर म्हणजे नुसता कागद. आणि अक्काच्या हातात साडी.

अक्का असतानाच चुलतभाऊ मसुदा घेऊन जळोचीला आला. मी त्यालाही म्हटलं, मी सही करणार नाही; आणि शहाणपणा करायची खोड असल्यामुळं त्या पाच बहिणीही सांगितल्या. त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

“ताई, त्ये तुमच्या वसतिगृहातलं. आपल्यात तसं नसतं.”

“आपल्यात कायदा आहे. तो तर आपल्याच दिल्लीतला आहे.”

“बरं. मंग येक ईचारू का?” तो हसत म्हणाला, पण हसणं गालावरच होतं. “तुमच्या नणंदंनं हितं, तुमच्या ह्याच घरासाठी, हक्कसोड लिवून दिली. तवा तुमी कुटल्या पुस्तकात डोकं घालून बसला हुता?”

अक्का आतून ऐकत होती. माझे यजमान शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पेपर आणखी वर धरला.

खरं तेच तो बोलला होता. माझ्या सासऱ्यांच्या माघारी नणंदेनं सही केली, त्या दिवशी पुरणपोळ्या मीच लाटल्या. साडी मीच पसंत केली. ‘किती समजूतदार’ असं तिला म्हणालेही. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा तेव्हाही मला तोंडपाठ होत्या.

“आली नाही आठवण,” मी म्हटलं. “चूक झाली माझी.”

“मंग?”

“मग काय. माझी चूक झाली म्हणून तुला बक्षीस द्यायचं का?”

तो गेला. अक्का बाहेर आली आणि बशा उचलून घेऊन गेली. त्या बशांचा आवाज मला पुरेसा होता.

संध्याकाळी मी नणंदेला फोन केला. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “वहिनी, साडी हिरवी होती. मला हिरवी आवडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मला वाटलं, एवढं तरी बघतील.”

मी म्हटलं, परत तुझ्या नावावर करायची तर आता बक्षीसपत्र करावं लागेल. ती म्हणाली, “बक्षीस? माझंच मला?” आणि हसली. मी फोन ठेवून यजमानांना विचारलं. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत बघा, त्यानंतर मी बघते. ते काम गेल्या उन्हाळ्यात झालं. घरात महिनाभर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मला त्याची खंत नाही, पण अभिमान धरावा असंही त्यात काही नाही. परतफेडीला कोणी हार घालत नसतं.

इंदापूरच्या कचेरीचा दिवस ठरला तो अक्काच्या सहीसाठी. आबांच्या वकिलानं दोघींचाही दस्त तयार ठेवला होता. ऐनवेळी मी वितळेन अशी त्यांना आशा होती. मी गेले ती वितळायला नव्हे. माझ्या पर्समध्ये दोन पानी भाषण होतं. त्यात कलमं होती, गणनेचा सत्ताविसावा अध्याय होता, आणि शेवटी अक्काला उद्देशून चार वाक्यं होती, जी लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. असलं लिखाण नेहमी वाईट असतं, हे माहीत असूनही मी ते बरोबर नेलं.

चुलतभावानं गाडीतच अक्काच्या मांडीवर साडीचा बॉक्स ठेवला. पेढ्याचा पुडा डॅशबोर्डवर. कचेरीत नेहमीची गर्दी. सांडलेला चहा, टोकनचे नंबर, एका बाजूला फोटो काढायचा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. आमच्या पुढं एका घरातल्या तीन बहिणी होत्या. साहेब मान वर न करता प्रत्येकीला विचारत होते, “राजीखुशीनं लिहून देताय ना? कुणाचा दबाव नाही ना?” आणि प्रत्येकीच्या वतीनं मागं उभा असलेला भाऊ म्हणत होता, “न्हाय न्हाय साहेब.” अंगठा, फोटो, पुढची.

अक्काचा नंबर आला. ती खुर्चीवर टेकली, पदर नीट केला.

“राजीखुशीनं लिहून देताय ना? कुणाचा दबाव नाही ना?”

“हाय,” अक्का म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. सकाळपासून बहुतेक पहिल्यांदाच.

“मावशी, नीट ऐकलं नाही तुम्ही. दबाव आहे का, असं विचारलं.”

“ऐकलं की. हाय म्हनलं.”

“कुणाचा?”

अक्का खुर्चीत वळली आणि बोटानं दाखवू लागली, जशी बाजारात भाजी दाखवतात. “ह्यो भाऊ. ह्ये चुलतं. त्यो काळा कोट. आन दोघं भाईर गाडीत बसल्यात, त्येंचं बी लिवून घ्या.”

“अगं आक्का!” चुलतभाऊ पुढं आला. “काल तर व्हय म्हनली हुतीस!”

“काल तू ईचारलं हुतंस, आन त्ये बी ताटावर बसवून. आज सरकार ईचारतंया.” मग ती साहेबांकडं वळली, आवाज खाली आणून. “साहेब, खरं सांगू का, मला आजवर कुणी ईचारलंच न्हवतं. माजं लगीन लावताना बी न्हाय. तुमी पैलं.”

कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी साहेबांना हळूच म्हणाली, “सर, यात ‘हो’ टाकलं तर पुढंच जात नाही.”

“मावशी, दबाव आहे म्हटलं तर दस्तच होत नाही,” साहेब म्हणाले.

“मंग नगा करू.” ती उठली. मागचा टोकनवाला लगेच बसला.

आबा भिंतीला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, “ह्ये हिच्या डोक्यातलं न्हाय. ह्ये त्या धाकटीच्या पुस्तकातलं.” भाषण माझ्या पर्समध्येच होतं, त्याची घडीही मोडली नव्हती. पण सांगून कुणाला पटणार? माझी बहीण स्वतःच्या डोक्यानं काही करू शकते हे आबांना मान्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या सकाळपर्यंत मलाही नव्हतं.

अक्कानं साडीचा बॉक्स गाडीच्या बॉनेटवर नीट ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून पेढ्याचा पुडा त्यावर ठेवला, आणि आम्ही चालत स्टँडवर गेलो. मिसळ मागवली. तिनं पाव नुसता हातात धरून ठेवला.

“माजं माहेर ग्येलं बघ,” ती म्हणाली.

मी तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “त्या पाचजणीत थोरली कोण?”

“महला.”

“तिनंच तोंड उगाडलं आसंल,” अक्का म्हणाली, आणि पाव तर्रीत बुडवला.

संध्याकाळपर्यंत भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढून टाकलं होतं. अक्का कधी त्यात नव्हतीच, त्यामुळं तिचा बहिष्कार त्यांना तोंडीच करावा लागला. वारसनोंद मात्र झाली. तलाठ्यानं हरकत आहे का म्हणून नोटीस काढली, हरकत घ्यायला कुणाकडं मुद्दा नव्हता. सात-बारावर आबांच्या नावाखाली दोन बायकांची नावं लागली. मी उतारा घेऊन तीनदा वाचला. एवढ्या एकाग्रतेनं मी आयुष्यात कुठलं स्तोत्र वाचलेलं नाही.

दोन महिन्यांनी आबा भावकीतले दोन वडीलधारे बरोबर घेऊन जळोचीला आले. अक्कालाही बोलावून घेतलेलं. या वेळी आवाज मऊ होता.

“झालं गेलं सोडा पोरींनो. रान तुमचं, कबूल. फकस्त येक कागद करू. रान भावकीच्या भाईर जायाचं न्हाय. इकलं तर आमाला, आन तुमच्या माघारी तुमच्या पोरांकडं न जाता हितंच ऱ्हावं. एवढंच मागनं.”

मला हसू फुटलं. आबांना ते आवडलं नाही, पण मला आवरेना. कारण गणनेच्या अगदी शेवटच्या अध्यायात नेमके हेच लोक येतात. सलाफहादाची भावकी मोशेपुढं उभी राहते आणि म्हणते, मुलींना वतन दिलंत, ठीक; पण त्या दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आमची जमीन तिकडं जाईल. मग नवा हुकूम निघतो: लग्न करा, पण आपल्याच कुळात. आणि त्या पाचही जणी, सगळ्या समाजासमोर ताठ उभ्या राहिलेल्या त्या पाचही जणी, मुकाट चुलतभावांशी लग्नं करतात. पुस्तक तिथंच संपतं. लोक पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी गाळतात. मीही अक्काला सांगताना गाळली होती.

आता सांगितली. तिघा म्हाताऱ्यांनीही ऐकली. त्यातले एक म्हणाले, “बघा, तितं बी भावकीचं ऐकलं.”

“मंग? केली त्येंनी लग्नं?” अक्कानं मला विचारलं.

“केली.”

ती आबांकडं वळली. “आबा, माजं लगीन हून पन्नास वरसं झाली. नवरा म्हातारा झाला पर हाय अजून. आता काय, त्येला सोडून मला भावकीत परत उजवताय का?”

दोघे म्हातारे खाली बघून खोकू लागले. एकाला तर हसू दाबता येईना. आबांचा चेहरा उतरला. “थट्टंवारी न्हेऊ नगंस,” ते म्हणाले.

“थट्टा न्हाय, आबा. त्या प्वॉरी हुत्या. त्येंच्यामागं कोण हुतं? म्हनून ऐकलं आसंल. मी आता अडुसष्ट वरसांची हाय. मला काय भ्या दावताय? दार बंद केलं, ते तर करून झालं तुमचं.”

कागद झाला नाही. आबांनी चहा घेतला नाही. जाताना मी त्यांच्या पाया पडले, कारण ते माझे चुलते आहेत, आणि त्यांनी आशीर्वाद दिला नाही, कारण ते माझे चुलते आहेत.

आता अक्का आठवड्यातून तीनदा लासुर्ण्याहून शेळगावला येते, कधी एसटीनं, कधी मुलाच्या मोटारसायकलवर. उसाच्या खोडव्याला, तोडणीनंतर फुटलेल्या दुसऱ्या पिकाला, तिनं निरोप दिला. दीड एकर मका, बाकीच्यात वांगी आणि थोडा कांदा. मी सुट्टीच्या पाहुण्यासारखी जाते, बांधावर बसते आणि चुकीच्या वेळी चुकीचं तण उपटते. विहिरीवर पाण्याच्या पाळ्या तात्यांच्या काळापासून ठरलेल्या आहेत. चुलतभावानं एकदा मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून पाहिलं. अक्का पेटीशेजारी डबा घेऊन बसून राहिली. दुपारी त्याच्या बायकोनं येऊन कुलूप काढलं. जाताना तिनं अक्काजवळ पाण्याचा तांब्या ठेवला. तिलाही दोन बहिणी आहेत आणि तिनंही कधीतरी सही केलेली आहे, हे मला नंतर कळलं.

दिवाळीला बोलावणं आलं नाही. पंचमीलाही आलं नव्हतं. पाडव्याच्या रात्री अक्काचा फोन आला, “उद्या येतीस का? पाळी आपली हाय. दिवसा लाइट हाय.” दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. मी गेले. अक्का साडी खोचून, हातात खोरं घेऊन सऱ्यांना पाणी देत होती. रस्त्यानं नव्या साड्यांतल्या बायका, मोटारसायकलींवर मिठाईचे पुडे, सगळ्या माहेरी निघालेल्या. पलीकडं आबांच्या घरी चुलतभावाच्या बहिणी आल्या होत्या. हसण्याचा आवाज येत होता. अक्का तिकडं बघत नव्हती. ती बघत नव्हती हे अगदी उठून दिसत होतं.

अकराच्या सुमाराला चुलतभाऊ बांधावर आला. कपाळावर ताजं कुंकू, अंगात नवा शर्ट. म्हणाला, “आक्का, सणाचा दिस हाय. आजच्या दिशी तरी घरी थांबायचं हुतंस.”

अक्कानं सरीच्या तोंडाशी खोरं घातलं, माती ओढली, आणि पाणी पुढच्या सरीत वळलं.

“घरीच हाय की,” ती म्हणाली.